लोकमत, वृत्तमाध्यमे व आंतरराष्ट्रीय राजकारण

परराष्ट्रव्यवहारांविषयी नागरिकांची मते कशी बनतात, ती बनविण्यात वृत्तपत्रे, नभोवाणी, दूरचित्रवाणी इ. माध्यमांचा वाटा किती असतो आणि त्या मतांचा युद्ध, तह, मदत यांसारख्या शासकीय निर्णयांवर कितपत परिणाम होतो, या प्रश्नांचा पद्धतशीर शोध घेणारे अभ्यासक्षेत्र. राज्यशास्त्र, समाजशास्त्र, सामाजिक मानसशास्त्र व वृत्तविद्या यांच्या सीमेवर ते वाढले. त्याच्या मुळाशी एक साधी वस्तुस्थिती आहे. भाववाढ झाली की नाही, हे बाजारात जाणाऱ्या माणसाला स्वानुभवाने कळते. पण दूरच्या राष्ट्राने सीमेवर सैन्य जमविले की नाही, हे त्याला दुसऱ्याच्या सांगण्यावरूनच समजते. म्हणून ज्याच्या हाती बातमी त्याच्या हाती लोकमत, असे अनुमान सहज निघते. ते कितपत खरे आहे, हे गेली शंभर वर्षे तपासले जात असून उत्तर एकसारखे आलेले नाही.

वृत्तपत्रांच्या या सामर्थ्याची जाणीव मुत्सद्द्यांना अभ्यासकांच्या बरीच आधी झाली होती. जुलै १८७० मध्ये प्रशियाचा राजा व फ्रेंच राजदूत यांच्यात एम्स येथे झालेल्या संभाषणाची तार बिस्मार्कने संक्षिप्त करून वृत्तपत्रांकडे धाडली. संक्षेपामुळे तिचा सूर अपमानास्पद झाला आणि आठवड्याच्या आत फ्रान्सने युद्ध पुकारले. त्याच वर्षी रॉयटर, हावास व वोल्फ या तीन यूरोपीय वृत्तसंस्थांनी करार करून बातम्यांच्या बाबतीत जग आपसांत वाटून घेतले. रॉयटरचे मुंबई कार्यालय १८६६ पासून सुरू होते. त्यामुळे भारतीय वृत्तपत्रांना परदेशची वार्ता पुष्कळ काळ लंडनमार्गेच मिळत राहिली. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धाचे खापर न्यूयॉर्कच्या सनसनाटी वृत्तपत्रांवर, विशेषतः हर्स्ट व पुलित्झर यांच्या पत्रांवर, फोडण्याची प्रथा आहे. ‘तुम्ही चित्रे पुरवा, युद्ध मी पुरवितो’ अशा आशयाची जी तार हर्स्टने आपल्या चित्रकाराला पाठविल्याचे सांगतात, तिचा मात्र पुरावा उपलब्ध नाही आणि आधुनिक संशोधक ती दंतकथाच मानतात. माध्यमांच्या प्रभावाविषयीच्या पुष्कळशा कथा माध्यमांनीच रुजविलेल्या असतात, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकाने विसरू नये.

संशोधनाचा आरंभ : शास्त्रशुद्ध अभ्यासाची सुरुवात सामान्यतः वॉल्टर लिपमन (१८८९–१९७४) या अमेरिकन पत्रकार-विचारवंतापासून धरतात. १९२० मध्ये त्याने व चार्ल्स मर्झ याने रशियन राज्यक्रांतीसंबंधी न्यूयॉर्क टाइम्स या दैनिकात मार्च १९१७ ते मार्च १९२० या तीन वर्षांत आलेल्या तीन हजारांवर वृत्तांचे परीक्षण प्रसिद्ध केले. बोल्शेव्हिक सत्ता कोसळली किंवा कोसळण्याच्या बेतात आहे, असे या दैनिकाने दोन वर्षांत ९१ वेळा छापले होते. यात जाणूनबुजून खोटेपणा नव्हता, तर वार्ताहर व संपादक यांच्या आशा-भीतीच बातमीच्या रूपाने बाहेर पडल्या, असा लेखकद्वयाचा निष्कर्ष होता. १९२२ च्या पब्लिक ओपिनियन या ग्रंथात लिपमनने त्याला तात्त्विक बैठक दिली. माणूस प्रत्यक्ष जगाला नव्हे, तर स्वतःच्या मनातील जगाच्या चित्राला प्रतिसाद देतो आणि ते चित्र साचेबंद प्रतिमांतून तयार होते, हे त्याचे प्रतिपादन. ग्रंथारंभी त्याने एका बेटाचा दाखला दिला आहे. तेथे इंग्रज, फ्रेंच व जर्मन रहिवासी एकत्र नांदत होते. टपालाची आगबोट साठ दिवसांतून एकदा येई. १९१४ च्या सप्टेंबरात ती आली, तेव्हा आपण सहा आठवड्यांपासून परस्परांचे शत्रू आहोत, हे त्यांना कळले. जॉन ड्यूई याने १९२७ मध्ये लिपमनच्या निराशावादाला उत्तर दिले. लोक अज्ञानी असले, तर दोष त्यांच्या बुद्धीचा नसून सार्वजनिक चर्चेच्या साधनांचा आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्याच वर्षी हॅरॉल्ड लासवेल याने पहिल्या महायुद्धातील प्रचारतंत्राचे विश्लेषण प्रसिद्ध केले.

लोकमत म्हणजे नेमके काय, हे मोजण्याचे साधन १९३० नंतरच्या दशकात हाती आले. १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत लिटररी डायजेस्ट या नियतकालिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या. तरीही त्याचे भाकीत साफ चुकले. जॉर्ज गॅलप याने त्या मानाने अगदी लहान, पण विचारपूर्वक निवडलेल्या नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला. त्यानंतर नमुना पाहणीची पद्धत रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धात अध्यक्ष रूझवेल्ट हे हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञाकडून ब्रिटनला मदत देण्याबाबतच्या लोकमताचे अहवाल मागवीत असत. भारतात एरिक दा कॉस्टा यांच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन या संस्थेने १९५० नंतरच्या दशकात अशा पाहण्या सुरू केल्या.

लोकमत चंचल की विवेकी : या क्षेत्रातील सर्वांत दीर्घ वाद हा आहे. गेब्रिएल आमंड याने १९५० मध्ये अमेरिकन जनतेच्या परराष्ट्रविषयक वृत्तीला लहरीची उपमा दिली : संकट आले की ती उसळते, टळले की ओसरते, ‘लक्ष देणारा जनसमूह’ फार लहान असतो. फिलिप कॉन्व्हर्स याने १९६४ मध्ये त्यात भर घातली. एकाच माणसाला काही कालांतराने तोच प्रश्न विचारला, तर पुष्कळांची उत्तरे योगायोगाने बदलावीत तशी बदलतात. म्हणजे त्यांना त्या विषयावर मतच नसते, केवळ विचारले म्हणून ते उत्तर देतात. परराष्ट्रव्यवहार तज्ञांवर सोपवावा, असे म्हणणाऱ्यांना हे निष्कर्ष फार सोयीचे वाटले.

हे मत ढासळले ते व्हिएटनाम युद्धाच्या काळात. १९७० मध्ये विल्यम कॅस्परी याने आमंडच्या पुराव्यातील दोष दाखविला. ‘देशापुढील सर्वांत महत्त्वाची समस्या कोणती?’ या प्रश्नाच्या उत्तरांवर आमंडची भिस्त होती. त्यात परराष्ट्रीय प्रश्नाचे प्रमाण खालीवर होणे स्वाभाविकच होते. जगाच्या व्यवहारात अमेरिकेने सक्रिय राहावे काय, असे थेट विचारले असता उत्तरे वर्षानुवर्षे स्थिर आढळत. प्रश्नाची शब्दरचना बदलली की सिद्धांतच बदलतो, याचे हे उत्तम उदाहरण होय. पुढे बेंजामिन पेज व रॉबर्ट शपायरो यांनी १९९२ मध्ये सुमारे पन्नास वर्षांतील, पुन्हापुन्हा विचारल्या गेलेल्या एक हजाराहून अधिक प्रश्नांची छाननी केली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक प्रश्नांवरील समूहमतात लक्षणीय बदल झालेलाच नव्हता आणि जेथे झाला, तेथे तो बहुधा घटनांशी सुसंगत होता. व्यक्तीचे मत डळमळीत असूनही समूहाचे मत स्थिर कसे, हा प्रश्न उरतोच. चुका परस्परांना छेदतात, हे त्याचे संख्याशास्त्रीय उत्तर आहे. पण सर्वांना एकाच स्रोताकडून एकच चुकीची माहिती मिळाली, तर चुका छेदल्या न जाता साचत जातात. माध्यमांचा प्रश्न येथेच पुन्हा उभा राहतो.

युद्ध व लोकमत यांच्या संबंधावर जॉन म्यूलर याचा १९७३ चा ग्रंथ पायाभूत मानला जातो. व्हिएटनाम युद्ध अमेरिका दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संचामुळे हरली, ही समजूत त्या वेळी दृढ होती आणि आजही अनेक सेनाधिकारी ती बाळगतात. म्यूलरने कोरियातील युद्धाशी (१९५०–५३) तुलना केली. त्या काळी दूरचित्रवाणीवरील युद्धवार्ता नाममात्र होती. तरीही युद्धात उतरणे ही चूक होती, असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण गॅलपच्या चाचण्यांत ऑगस्ट १९५० मधील २० टक्क्यांवरून चीन युद्धात उतरल्यानंतर जानेवारी १९५१ मध्ये ४९ टक्क्यांवर गेले. व्हिएटनामबाबत हेच प्रमाण १९६५ मधील २४ टक्क्यांवरून १९७१ मध्ये ६१ टक्क्यांवर पोहोचण्यास सहा वर्षे लागली. दोन्ही युद्धांत हताहतांची संख्या दहापट झाली की पाठिंबा सुमारे १५ टक्क्यांनी घटे. थोडक्यात, शवपेटिका येऊ लागल्या की लोक हिशेब मांडतात. त्याला चित्रांची आवश्यकता असतेच असे नाही. आंतरराष्ट्रीय संकटात नेत्याभोवती एकवटण्याची प्रवृत्तीही म्यूलरनेच प्रथम मोजली. फेब्रुवारी १९९१ मध्ये आखाती युद्धाच्या अखेरीस थोरल्या बुश यांच्या कारभारास ८९ टक्के लोकांची पसंती होती. पुढच्याच वर्षी ते निवडणूक हरले. सप्टेंबर २००१ मध्ये धाकट्या बुश यांची पसंती ९० टक्क्यांवर गेली. रिचर्ड ब्रॉडी याच्या मते ही एकजूट देशभक्तीपेक्षा विरोधी पक्षाच्या मौनातून येते. विरोधक बोलू लागले की वृत्तपत्रांत दुसरी बाजू दिसते आणि पसंतीचा आलेख उतरू लागतो.

बातमी काय करते : माध्यमांचा परिणाम मोजणे लोकमत मोजण्याहून कठीण आहे. पॉल लाझर्सफेल्ड व त्याच्या सहकाऱ्यांना १९४० च्या निवडणुकीच्या पाहणीत वृत्तपत्र-नभोवाणीचा थेट परिणाम फारसा आढळला नाही. मते बदलतात ती ओळखीच्या, विश्वासू माणसांच्या बोलण्याने, असे दिसले. परंतु परराष्ट्रव्यवहारात शेजारपाजारचे लोकही तितकेच अनभिज्ञ असतात. बर्नार्ड कोएन याने १९६३ मध्ये सूक्ष्म भेद केला : काय मत बनवावे हे वृत्तपत्र ठरवीत नाही, तर कशाविषयी मत बनवावे हे ते ठरविते. मॅक्सवेल मॅकूम्ब्स व डोनाल्ड शॉ यांनी चॅपेल हिल येथील शंभर अनिश्चित मतदारांच्या १९६८ च्या पाहणीवरून या कल्पनेला आकड्यांचा आधार दिला (१९७२). बातमी कोणती होते, या उलट बाजूच्या प्रश्नावर योहान गाल्टुंग व मारी होल्म्बो रूगे या नॉर्वेजियन अभ्यासकांनी १९६५ मध्ये काँगो, क्यूबा व सायप्रस येथील संकटांची नॉर्वेच्या चार दैनिकांतील वृत्ते तपासली. बलाढ्य राष्ट्र, प्रसिद्ध व्यक्ती आणि अनिष्ट घटना यांना अग्रक्रम मिळतो. दुबळ्या व दूरच्या देशाला बातमीत यायचे, तर मोठे अरिष्टच ओढवावे लागते, असे त्यांना दिसून आले. याच असंतोषातून अलिप्त राष्ट्रांच्या वृत्तसंस्थांचा संघ १९७५-७६ मध्ये उभा राहिला. यूनेस्कोने नेमलेल्या शॉन मॅकब्राइड आयोगाने १९८० मध्ये अहवाल दिला, त्यावर बी. जी. व्हर्गीस हे भारतीय सदस्य होते. हा वाद अमेरिकेने १९८४ च्या अखेरीस यूनेस्को सोडण्याच्या कारणांपैकी एक होता. वृत्तसंघाची वृत्ते मात्र बव्हंशी सरकारी पत्रकांसारखी असत आणि सदस्य देशांतील संपादकही ती क्वचितच छापीत, हेही नमूद केले पाहिजे.

लोकशाही देशांतील स्वतंत्र वृत्तपत्रेही परराष्ट्रीय प्रश्नावर सरकारी चौकटीतच का बोलतात, याचा शोध १९८० नंतर सुरू झाला. डॅन्येल हॅलिन याने १९८६ मध्ये दाखविले, की अमेरिकन दूरचित्रवाणी व्हिएटनाम युद्धावर टीका करू लागली ती वॉशिंग्टनमधील नेत्यांतच फूट पडल्यानंतर. लान्स बेनेट याने निकाराग्वाविषयीच्या वृत्तांवरून १९९० मध्ये नियम मांडला : सत्तावर्तुळात जेवढा मतभेद, तेवढीच मतांची रुंदी बातमीत उमटते. हर्मन व चॉम्स्की यांनी (१९८८) वृत्तसंस्थांची मालकी, जाहिराती व सरकारी स्रोतांवरील अवलंबित्व यांवर बोट ठेवले. त्यांची मांडणी परखड असली, तरी वाचकांवर प्रत्यक्ष परिणाम किती होतो याची पाहणी तीत नाही.

या प्रकारच्या संशोधनातील सर्वांत बोलका नमुना रॉबर्ट एंटमन याच्या १९९१ च्या निबंधात मिळतो. १ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएट लढाऊ विमानाने कोरियन एअर लाइन्सचे प्रवासी विमान पाडले; २६९ जण ठार झाले. ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकन युद्धनौका व्हिन्सेन्सने इराणच्या आखातावर इराण एअरचे प्रवासी विमान पाडले. २९० जण ठार झाले. त्यांत दहा भारतीय होते. दोन्ही प्रसंगी विमान लष्करी असल्याचा समज झाल्याचे कारण देण्यात आले. एंटमनने दोन दैनिके, दोन साप्ताहिके व एका दूरचित्रवाणी संस्थेची वृत्ते शब्दशः तपासली. पहिल्या घटनेला न्यूयॉर्क टाइम्समध्ये दुसरीच्या दुपटीहून अधिक वृत्ते लाभली. पहिलीचे वर्णन हल्ला, हत्या, रानटीपणा या शब्दांत झाले. दुसरीचे शोकांतिका, चूक, तांत्रिक गफलत या शब्दांत. पहिलीत बळींची नावे, चेहरे व कुटुंबे होती. दुसरीत रडारचे नकाशे. दोन्ही घटना तंतोतंत सारख्या नव्हत्या. व्हिन्सेन्स त्या क्षणी इराणी नौकांशी झुंजत होती. एंटमनचा मुद्दा दोष कोणाचा हा नव्हताच. एकाही वृत्तात फारसे असत्य नसताना केवळ शब्द, चित्र व जागा यांच्या निवडीने एक घटना नैतिक प्रश्न बनते आणि दुसरी अभियांत्रिकीचा, हे त्याने दाखविले. या निवडीला तो ‘चौकट’ म्हणतो. इराणी बळींच्या वारसांना नुकसानभरपाई देण्याचे अमेरिकेने १९९६ मध्ये, कायदेशीर जबाबदारी न स्वीकारता, मान्य केले.

उपग्रह दूरचित्रवाणी आल्यावर वारे उलट फिरल्याचा भास झाला. सोमालियातील उपाशी मुलांची चित्रे पाहून अमेरिकेने डिसेंबर १९९२ मध्ये सैन्य धाडले आणि मोगादिशूच्या रस्त्यांतून फरफटवलेल्या सैनिकाचे शव पाहून ते परत बोलाविले, असे सांगण्यात येई. या प्रभावाला सीएनएन या वाहिनीचे नाव मिळाले. स्टीव्हन लिव्हिंग्स्टन व टॉड ईकस यांनी १९९५ मध्ये कालक्रम लावून पाहिला, तेव्हा कॅमेरे अधिकाऱ्यांच्या व मदतविमानांच्या मागोमाग सोमालियात पोहोचल्याचे आढळले. सूदानमध्येही त्या वेळी भीषण दुष्काळ होता. तेथे चित्रेही नव्हती व सैन्यही गेले नाही. पिअर्स रॉबिन्सन (२००२) याच्या मते शासनाचे धोरण निश्चित असेल, तेव्हा चित्रे त्याला हलवू शकत नाहीत. ते अनिश्चित असेल आणि वृत्तांचा रोख पीडितांविषयी सहानुभूतीचा असेल, तेव्हाच त्यांचे वजन पडते.

इराकच्या दोन्ही युद्धांनी सरकारी स्रोतांवरील विसंबण्याची किंमत दाखविली. ऑक्टोबर १९९० मध्ये एका कुवेती मुलीने अमेरिकन प्रतिनिधींपुढे साक्ष दिली, की इराकी सैनिकांनी अर्भकांना उबवण पेट्यांतून काढून मरू दिले. ती कुवेतच्या राजदूताची कन्या असून साक्षीमागे जनसंपर्क मोहीम होती, हे युद्ध संपल्यानंतर १९९२ मध्ये उघड झाले. २००३ च्या युद्धानंतर स्टीव्हन कल व सहकाऱ्यांनी तीन चुकीच्या समजुती तपासल्या : इराकचे अल् कायदाशी संबंध सिद्ध झाले, संहारक अस्त्रे सापडली आणि जगाचे लोकमत युद्धाला अनुकूल होते. यांपैकी किमान एक समजूत फॉक्स वाहिनीच्या ८० टक्के प्रेक्षकांत, तर सार्वजनिक प्रसारणाच्या केवळ २३ टक्के श्रोत्या-प्रेक्षकांत आढळली. वाहिनीने गैरसमज निर्माण केला की तसा कल असलेल्यांनीच ती वाहिनी निवडली, हा प्रश्न अशा पाहणीने पूर्णपणे सुटत नाही. न्यूयॉर्क टाइम्सने मे २००४ मध्ये अस्त्रांविषयीच्या आपल्या काही वृत्तांत पुरेशी कसोशी नव्हती, अशी कबुली छापली.

लोकमताचा शासनावर परिणाम होतो तो बहुधा मार्ग दाखविण्याच्या रूपाने नसून मर्यादा घालण्याच्या रूपाने. व्ही. ओ. की याने १९६१ मध्ये त्यास प्रवाहाच्या दोहों बाजूंच्या बांधांची उपमा दिली. भारताचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. सीमाप्रश्नावरील चीनशी झालेला पत्रव्यवहार सप्टेंबर १९५९ मध्ये श्वेतपत्रिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाला. त्यानंतर संसद व वृत्तपत्रे यांतील क्षोभ पाहता एप्रिल १९६० च्या दिल्लीतील वाटाघाटींत पंडित नेहरूंना देवघेवीस फारसा वाव उरला नव्हता, असे अनेक अभ्यासक मानतात. बांध स्वतः शासनानेच उंच केला होता, असेही म्हणता येईल. जेम्स फिअरन (१९९४) याला मात्र यातच राष्ट्राचे बळ दिसते : जाहीरपणे दिलेली धमकी मागे घेतल्यास नेत्याला घरी किंमत मोजावी लागते, म्हणून शत्रू ती खरी मानतो. लोकशाहीबाहेरही हे घडते. बेलग्रेडमधील चिनी वकिलातीवर १९९९ मध्ये बाँब पडल्यावर चीनने अमेरिकाविरोधी निदर्शने होऊ दिली, तर २००१ मध्ये टेहळणी विमानाच्या टकरीनंतर ती रोखली. निदर्शनांना मुभा देणे किंवा न देणे हाच वाटाघाटीतील एक संकेत असतो, असे जेसिका चेन वाइस हिने २०१४ मध्ये प्रतिपादिले.

या संशोधनाचा फार मोठा भाग अमेरिकेविषयी आहे, हे त्याचे उघड वैगुण्य होय. देवेश कपूर यांनी २००९ मध्ये दोन लाखांहून अधिक भारतीय कुटुंबांच्या पाहणीचे विश्लेषण केले. शिक्षण व उत्पन्न कमी असलेल्या वर्गांत परराष्ट्रीय प्रश्नांना ‘सांगता येत नाही’ हे उत्तर फार मोठ्या प्रमाणात आले. ही उत्तरे वगळून राष्ट्राचे लोकमत सांगणे म्हणजे शिक्षितांचे मत सर्वांच्या नावावर घालणे होय. आणि वृत्तवाहिन्यांवरील घाईघाईच्या चाचण्यांत नेमके तेच होते. मराठी वृत्तपत्रांतील परराष्ट्रवृत्तांचे दीर्घ कालखंडाचे आशय विश्लेषणही व्हावयास हवे. त्यासाठी १८८१ पासूनच्या केसरीचे अंक उपलब्ध आहेत.

समाजमाध्यमांच्या प्रसारानंतर परकीय सत्तांनी थेट नागरिकांपर्यंत पोहोचण्याचा प्रश्न पुढे आला. २०१६ च्या अमेरिकन निवडणुकीतील रशियन खात्यांविषयी फार गाजावाजा झाला. परंतु २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ट्विटरवरील अशा मजकुराचा ७० टक्के भाग केवळ एक टक्का वापरकर्त्यांसमोर आल्याचे व त्याचा मतांतील बदलाशी अर्थपूर्ण संबंध नसल्याचे आढळले. लिपमन व मर्झ यांना वाचकाने वाचलेले तेच पान ग्रंथालयात उघडून पाहता येत होते. आता प्रत्येक वाचकापुढील पान निराळे असते आणि त्याची नोंद कंपनीकडे राहते. ट्विटरने २०२३ मध्ये संशोधकांना दिलेली विनामूल्य सवलत बंद केली. फेसबुकवरील मजकुराचा माग घेण्याचे क्राउडटँगल हे साधन ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाले. यूरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने मोठ्या कंपन्यांवर संशोधकांना अशी माहिती पुरविण्याचे बंधन घातले आहे.